गप्प बसणारा पांढरा लावा

प्रिय मौनीबाबा,

परवा फोनवर तू विचारलंस, कंपनी आणखी वर्षभर बोटीवर ठेवायला तयार आहे, राहू का घरी येऊ? आणि मी म्हटलं, पत्र लिहिते. तू चक्रावला असशील. एका शब्दाचं उत्तर, त्याला पत्र कशाला! पण चारचौघांत तुला अहो-जाहो करणारी मी पत्रातच तेवढी अरे-तुरेवर येते, आणि आजचं बोलणं अरे-तुरेचंच आहे. पुढच्या बंदरावर हे तुझ्या हातात पडेल. तोवर कंपनीला हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस.

आधी घरची खबर. लेकीच्या रिकाम्या खोलीत पाळलेले माझे लावे पक्षी मजेत आहेत. मागच्या खेपेला तू पाहिलेस तेव्हा अंगठ्याएवढी पिल्लं होती, आणि सगळी सारखीच दिसतात म्हणून तू पाठ फिरवलीस. आता ये आणि बघ. नराची छाती विटकरी, एकरंगी. मादीच्या छातीवर काळे ठिपके, कुणी शाईचं पेन झटकल्यासारखे. आणि अंगापिंडाने मादी नराहून थोराड. हो, हस. आपल्या लग्नाचा फोटो बघून तुझ्या बहिणीने जे टोमणे मारले होते, ते या जातीत कुणाला सुचलेच नसते. एवढासा जीव, पण जवळजवळ रोज एक अंडं, आणि तेही तिच्या देहाच्या मानाने केवढं! मी तर त्यांच्यापुढे हात जोडले. एवढं करून आवाज म्हणशील तर रातकिड्यासारखी बारीक किरकिर. ओरडण्याचं खातं नराकडे. मान ताणून, छाती फुगवून असा आरवतो की खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी काळजीने विचारलं, घरात कुणाचा घसा धरलाय का. सगळेच नर काही गुणाचे नसतात हं. एकाने तिघींच्या मानेवरची पिसं उपटली, म्हणून त्याला वेगळा टाकला, तर तेव्हापासून त्याने घर डोक्यावर घेतलंय.

पण मला सांगायचंय ते पांढऱ्याबद्दल. पांढऱ्या लाव्याच्या छातीवर ना विटकरी रंग, ना ठिपके. मग नर की मादी हे ओळखायचं कशावरून? मी आपलं आवाजावरून ठरवलं. तो एका ठिपकेवालीबरोबर राहायचा आणि कधी म्हणून आरवला नाही. मी म्हटलं, मादीच ही, आणि नाव ठेवलं ताईसाहेब. दोघी एकमेकींना चिकटून बसायच्या, सख्ख्या बहिणी बसतात तशा. पिंजऱ्यात अंडं मात्र रोज एकच. ताईसाहेब आळशी, आयतं खातात, असं मी त्यांना येता-जाता ऐकवायची. एखादा किडा टाकला तर ताईसाहेब तो चोचीत उचलायच्या, हळूच कुटकुट करायच्या आणि स्वतः न खाता ठिपकेवालीच्या पुढ्यात ठेवायच्या. एवढं डोळ्यांसमोर घडत होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

शेवटी अंडं कोण देत नाही ते कळावं म्हणून मागच्या आठवड्यात मी ठिपकेवालीला उचलून स्वयंपाकघरात नेलं. झालं! ताईसाहेबांनी मान ताणली आणि अशी आरोळी ठोकली की माझ्या हातातली दाण्याची वाटी पडली. दाणा नाही, पाणी नाही, नुसत्या हाका. संध्याकाळपर्यंत आवाज बसला तरी थांबेना. मला वाटलं काहीतरी दुखतंय, म्हणून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी त्याला उताणा केला, शेपटीखालची छोटी गाठ दाबली, आणि साबणासारखा पांढरा फेस आला. नर! रंगावरून कळत नसेल तर हे बघायचं, म्हणाल्या, गप्प राहण्यावर जायचं नाही. जोडीदारीण नजरेआड झाली की नर जास्त ओरडतो. ती शेजारी असली की हाक मारणार कुणाला?

मी ठिपकेवालीला परत आणून ठेवलं. तो तिच्याभोवती एकदा फिरला, तिला टेकून बसला आणि गप्प झाला. आणि मी तिथेच पिंजऱ्याशी बसून रडले.

पाखरावरून माणसाची पारख करू नये, हे मला कळतं. पण तुझं काय रे वेगळं आहे? बोटीवरून फोन आला की तुझ्या तोंडाला खळ नसतो. पाणी कोणत्या रंगाचं होतं, इंजिन कसं खोकलं, खानसामा कसा घोरतो, सगळं. आणि घरी आलास की दिवसाला दोन वाक्यं, त्यातलं एक चहाचं. इतकी वर्षं मला वाटत आलं की याचा जीव समुद्रातच, इथे फक्त याचे कपडे येतात. फार लागायचं ते मला. पण तू घरी काय करतोस, ते आता आठवत बसते. संत्रं सोलतोस आणि प्रत्येक फोड माझ्या बशीत ठेवतोस. मी न सांगता माझ्या चष्म्याचा स्क्रू पिळतोस. मी खिडकीशी बसले की तुझी खुर्ची खिडकीशी, मी ओट्याशी गेले की खुर्ची दाराशी. फरशीवर तिच्या पायांचे ओरखडे आहेत, त्यावरून मी तुला रागवायची. काल ते पुसायला घेतले आणि फडकं बाजूला ठेवलं.

कारण काल लेकीचा फोन आला होता. न राहवून तिने सांगून टाकलं की तू तिला म्हणालास, मी घरी असलो की तुझ्या आईला बोलायला माणूसच नसतं, कायमचा आलो तर ती कंटाळून जाईल, म्हणून वर्षभर लांबवतो. वेड्या, एवढ्यासाठी? कंपनीला सरळ नाही म्हणून सांग. तुझ्या सगळ्या हाका मला पोचल्यात. आता ये, खुर्ची ओढ आणि मनसोक्त गप्प बस.

वाट बघणारी,
तुझीच
ठिपकेवाली