जयंतीचा निळा

३ एप्रिल
मिलिंदचं पुन्हा तेच. डिझाइनचं सॉफ्टवेअर विकतचंच पाहिजे. विकतचं कसलं, भाड्याचं! पैसे थांबले की बंद. म्हणालो, हर्सूलच्या निम्म्या पाट्या मी रंगवल्या, ब्रशनं कधी भाडं मागितलं नाय. तर म्हणतो, "दादा, ब्रश आता खुंटीला टांगा." पोटचा पोरगा. जेवलो नाही.

४ एप्रिल
सून सुजातानं फुकटचं उतरवून घेतलं. चालतंय. मि. तिच्याशीही बोलत नाही. मला मात्र धाकधूक. फुकट देणारा कोण? त्याला काय पाहिजे? आपली चित्रं नेत असेल काय? सु. म्हणते, "मामा, तुम्हाला विकतच्याची भीती अन् फुकटच्याचीबी. मग करायचं काय?" उर्मट.

६ एप्रिल
मंडळाचे शेषराव आले. जयंतीचा चौकातला मोठा फ्लेक्स आपल्याकडंच. मंडळ निघाल्यापासून हे काम या घराचं. आधी कापडावर माझ्या हातचा निळा असायचा. मि. म्हणाला, फुकटच्यावर एवढं काम करू नका. म्हणालो, त्याच्यावरच होईल. बघू कोण खरं.

८ एप्रिल
सु.नं डिझाइन मोबाइलवर दाखवलं. निळा असा की डोळे निवले. म्हणाली, छापखान्यात आधी हातभर तुकडा छापून बघू. मला निळा शिकवते! म्हणालो, तुकडा नको, सगळाच छाप.

९ एप्रिल
जांभळा.
अख्खा फ्लेक्स जांभळा. दुकानासमोर उलगडला अन् गल्ली गोळा झाली. शेषराव सगळ्यांदेखत, "दादा, चौकात वांगी विकायला बसू का? उद्या संध्याकाळपर्यंत निळा दाखवा, नाय तर काम उस्मानपुऱ्यातल्या दुकानाला देतो." मि. दारात उभा राहून हसला. बापाची अब्रू गेली अन् हा हसला.

१० एप्रिल, सकाळी
डोळा लागला नाही. मि. म्हणतो, फुकटच्याला पडद्यावरचे रंग कळतात, छपाईचे कळत नाहीत. सु. मला एकट्याला म्हणाली, "विकतच्यावर केलं अन् न बघता छापलं, तरी जांभळंच येऊ शकतं, मामा." कुणाला म्हणाली ते कळलं. म्हणालो, तुकड्याचं मि.ला सांगू नको. हो म्हणाली नाही.

दुपारी
सु. फुकटच्यावरच निळ्यातली लाली कमी करून तुकडा छापायला गेली. "मी येईपर्यंत थांबा," म्हणाली. ती गाडीवर बसली न बसली तोच मि.नं विकतचं घ्यायला सुरुवात केली. बँकेतलं खातं माझ्या नावावर, म्हणून पैसे भरायचा ओटीपीचा नंबर माझ्या मोबाइलवर येणार. "नाही दिला तर बिडकीनला कंपनीत लागतो. मग सांभाळा दुकान, तुम्ही अन् तुमची सून." हे बापाला.
विकतच्यानंही जांभळा आला तर? फुकटच्यानं निळा आला तर हा थांबेल का? शेषरावांचे चारदा फोन येऊन गेले...

नंबर आलाय. मि. आतून ओरडतोय, "दादा, आला का? सांगा लवकर, वेळ जाईल त्याची."
गल्लीच्या तोंडाशी गाडी वाजली. सु.चीच असावी.
म्हणालो, थांब, चष्मा सापडत नाही.
चष्मा डोळ्यांवरच आहे.