काकीला सांगितलेली मालिका

आई,

माझं काम नेमकं काय, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू गेलीस तेव्हा मी नुकतीच एका वर्तमानपत्रात लागले होते आणि तू गावभर ‘पोर पेपरात हाय’ एवढंच सांगायचीस. आता मी नवे सिनेमे आणि मालिका बघते आणि त्या कशा वाटल्या ते लोकांना सांगते. रविवारी पुरवणीत लिहिते, बुधवारी फोन समोर टेकवून बोलते. पनवेलच्या बाजारात कोळंबी घेताना मासळीवालीसुद्धा विचारते, ‘ताई, ती नवी बगू का नको?’ आणि मी पिशवी सावरत तिथल्या तिथे निकाल देऊन टाकते. मी परखड म्हणून ओळखली जाते. कोणाची भीड ठेवत नाही, जे दिसलं ते तोंडावर सांगते, असं लोक कौतुकाने म्हणतात. हल्ली हे कौतुक ऐकलं की मला मान खाली घालावीशी वाटते, आणि त्याचं कारण सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

मागच्या महिन्यात संपादक म्हणाले, जुन्या मालिका आता फोनवर परत आल्यात, एखादीवर लिहा, लोकांना आवडतं. त्यांनी यादी पाठवली. यादीत आपली साडेसातची मालिका होती. तीच, जी तू संध्याकाळी बघायचीस आणि दुसऱ्या दिवशी काकीला सांगायचीस. मी दुसरी कुठलीही निवडू शकले असते. दोन दिवस टाळलंही. मग एका दुपारी तळोज्याच्या कारखान्यांकडून तो नेहमीचा औषधी वास यायला लागला म्हणून खिडक्या लावून घेतल्या, आणि फोन घेऊन बसले.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मला काकीचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. तू आपलं घर आवरून अंगण ओलांडतेस आणि काकीच्या चुलीपुढे बसून गरम पाण्यात तांदळाचं पीठ मळायला घेतेस. काकी भिंतीला टेकून पाय पसरून बसली आहे. साखरेने तिची नजर गेली आहे, पायाची जखम भरत नाही, ओट्याची पायरीसुद्धा तिला उतरता येत नाही. तिच्या घरी टीव्ही नाही, कारण काकांनी तो उचलून देऊन टाकला आहे. भांडण त्या टीव्हीवरूनच झालं होतं. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर होता. कामाला दांडी मारून मॅच बघत बसला म्हणून काका त्याला चार लोकांसमोर नको नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पहिल्या पाळीला म्हणून डबा घेऊन गेला तो परत आलाच नाही. कारखान्यातही पोचला नव्हता. पोलिसांत कळवून झालं, आपट्याच्या आत्याकडे, उरणच्या मामाकडे बघून झालं. मग हळूहळू घरात त्याचं नाव काढायचं नाही असं ठरून गेलं, कोणी न ठरवता.

त्या मालिकेतही एक मुलगा घर सोडून गेला होता. काकी स्वतःच्या मुलाबद्दल कोणाला विचारू शकत नव्हती, पण मालिकेतल्या मुलाबद्दल विचारायला तिला कोणाची आडकाठी नव्हती. तू बसलीस रे बसलीस की तिचा पहिला प्रश्न तोच असायचा. ‘पोराचं काय कळलं गो?’

तू मालिका सांगायचीस ती नुसती सांगायची नाहीस. हातावर भाकरी थापत प्रत्येकाचा समाचार घ्यायचीस. ती सून वाईट नाय, तिला कोणी इचारतच नाय. तो दीर बगशील, पुढं दगा देनार, त्याचं हसू खरं नाय. आणि एकदा म्हणालीस, ‘ही लोकं जेवतच नाय बाय. ताट वाढलं की फोन वाजतो, नायतर कोनतरी रडत येतं. येवडा सैपाक करतात त्ये खातं कोन?’ काकी पोट धरून हसली होती. आई, आपल्या मालिकांमध्ये कोणी पोटभर जेवत का नाही, यावर मी चार वर्षांपूर्वी एक लेख लिहिला. माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तो. लोकांनी विचारलं, तुम्हाला हे सुचतं कसं? मी म्हटलं, निरीक्षण.

तर त्या मुलाचं. मालिकेत त्याचं काम करणारा नट बहुतेक दुसरीकडे गेला असावा, कारण आठवडेच्या आठवडे त्याचा उल्लेखही होत नसे. पण काकी विचारायची थोडीच थांबणार? मग तू रचायला लागलीस. त्याचं पत्र आलंय. नाशकाला हाय. मधी खोकला झालता, आता बरा हाय. काकी विचारायची, ‘जेवतो का वेळेवर?’ तू म्हणायचीस, ‘जेवतो. खानावळ लावलीय, बाई चांगली हाय.’ काकी मान हलवायची आणि मग तिच्याही घशाखाली भाकरी उतरायची.

मी तेव्हा पनवेलच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. तिथे सिनेमांवर तावातावाने बोलणाऱ्या मुलामुलींच्या घोळक्यात मला नुकती जागा मिळाली होती. घरची बोली टाकून मी शुद्ध बोलायला शिकले होते, आणि घरी आल्यावरही ती शुद्ध भाषा उतरवून ठेवत नव्हते. तुझ्या त्या थापांची मला लाज वाटायची. कथा जशी आहे तशी सांगावी, असं मला नव्याने कळलं होतं.

त्या दिवशी मी कॉलेजातून लवकर आले. घराला कुलूप होतं म्हणून काकीकडे वळले आणि उंबरठ्यावर थांबले. तू सांगत होतीस, ‘फोन आलता त्याचा. दिवाळीला येतो बोलला.’

मी म्हटलं, ‘काकी, आई तुला खोटं सांगतेय. तो मुलगा मेला. कालच्या भागात त्याचं प्रेत सापडलं नदीत.’

तुझा हात भाकरीवर थांबला. तू माझ्याकडे न बघता काकीला म्हणालीस, ‘त्ये त्याचं नाय बाय. तोंड कुटं दाखवलं? त्याच्या हातात कडं असतं, या हातात नव्हतं. मी नीट बगितलंय.’

‘मी पण पाहिलंय,’ मी म्हटलं. ‘कडं होतं.’

काकीने तोंड माझ्या आवाजाच्या दिशेने वळवलं. तिने मला खोटं-खरं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, ‘कवा गेला?’ मालिकेतल्या माणसाबद्दल असं कोणी विचारत नाही. मला ते तेव्हाच जाणवलं होतं, आणि तरी मी ‘काल’ असं उत्तर दिलं. मग ती तुला म्हणाली, ‘मंग ती पत्रं? ती खानावळ?’ तव्यावरची भाकरी करपली. तुझी भाकरी करपलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

अंगणात तू मला म्हणालीस, ‘तुला येवडी घाई कसली झालती गो?’ बस, एवढंच. मी मात्र तिथे उभी राहून तुला बरंच शहाणपण शिकवलं. लोकांना फसवून सुख देणं म्हणजे काय, वगैरे. ते सगळं मला शब्दन् शब्द आठवतं, आणि इथे मी ते लिहिणार नाही.

त्यानंतर काकीने मालिकेचं विचारणं सोडलं. तू रोज जायचीस, भाकऱ्या करून द्यायचीस, पण आपल्या घरापर्यंत ऐकू येणारं तुमचं हसणं-बोलणं बंद झालं. ताटात निम्मी भाकरी तशीच राहते, असं तू एकदा बाबांना सांगत होतीस. पुढच्या शिमग्याआधी काकी गेली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं निकामी झाली होती. ते खरंच असणार. मी त्या डॉक्टरांच्या वाक्याला इतकी वर्षं धरून राहिले आहे.

मागच्या महिन्यातल्या त्या दुपारी फोनवर मी तो भाग शोधून काढला. नदीचा काठ, पालथं पडलेलं प्रेत, लांबवर पसरलेला हात. मी चित्र थांबवलं, बोटांनी मोठं केलं. हात मोकळा होता. पुढचे भाग बघत गेले, तर त्यानंतरच्या अकराव्या भागाच्या शेवटी तो मुलगा दारात उभा, दाढी वाढलेली, हातात कडं. तू म्हणाली होतीस तसाच आला, आणि दिवाळीलाच आला. दिवाळी तू अंदाजाने ठोकून दिली असशील. पण तो आला.

हे मला नव्याने कळलं असं म्हणाले तर ती आणखी एक थाप होईल. तो परतला त्या संध्याकाळी मी ओट्यावर अभ्यास करत होते. आतून मालिका संपल्याचं गाणं वाजलं आणि तू दुसऱ्या दिवसाची वाट न बघता, चप्पल न घालता अंगणातून धावत गेलीस. काकीकडची दारं-खिडक्या उघडी होती. तिचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. ‘पुरे आता गो. तुझं सगळं गोडच असतं. पोरीनं बगितलंय ना तिच्या डोळ्यानं.’ तू परत आलीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, ‘काय नाय. तू वाच.’ दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळे त्या मुलाच्या परत येण्यावर हसत होते. मीही हसले. आपल्या ओट्यापासून काकीच्या दारापर्यंत वीसेक पावलं होती. काकी त्यानंतर चार महिने जगली, आणि मी ती वीस पावलं चालले नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असता. माझ्यावरच ठेवला असता.

रविवारचा लेख छापून आला. त्यात मी मालिकेच्या लांबलेल्या संवादांबद्दल लिहिलं, भडक दागिन्यांबद्दल लिहिलं. काकीबद्दल लिहिलं नाही. हे पत्रही कोणाला दाखवणार नाही. आपल्या दादाला काकी आठवते ती फक्त तिच्या सुकटीच्या चटणीसाठी, ते तसंच राहू दे.

फक्त एक राहिलं. प्रेताच्या त्या भागाच्या संध्याकाळी मी घरी नव्हते, आई. कॉलेजात नाटकाची तालीम होती. मी आले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि तू मला ताट वाढून दिलंस. तो भाग आम्हा तालमीतल्यांना दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीने सांगितला, चहा पिता पिता. कडं होतं, हे तर मी उंबरठ्यावर उभ्या उभ्या रचलं. तू रचायचीस ते काकीच्या घशाखाली घास उतरावा म्हणून. मी रचलं ते तुझ्यावर मात करायला. आणि तुला ते माहीत होतं. ‘ही घरात नव्हती, हिनं काय बगितलं नाय,’ एवढं तू म्हणाली असतीस तर काकीला तिचा मुलगा परत मिळाला असता. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, आणि लेकीला खोटारडी ठरवण्यापेक्षा स्वतः खोटारडी ठरलीस. तू काहीच बोलत नाहीस हे बघून त्या वेळी मला हायसं वाटलं होतं.