चार इंजेक्टर आणि एक मेहुणा

३१ मे
चिराग आज जहाजावर रुजू व्हायला गेला. चिराग म्हणजे सुचिताचा भाऊ, माझा मेहुणा. अडीच महिने त्याची टर्बो गाडी आमच्या पडवीत. इथेनॉलवर ट्यून केलेली आहे, साध्या पेट्रोलवरही चालते. जाताना सूचना देऊन गेला की भावजी, टाकीतलं इथेनॉल संपवा, साधं पेट्रोल भरा, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालू करा, बाकी हात लावू नका. ऑगस्टात तळा गावच्या केसरशी त्याचा साखरपुडा. याच गाडीतून जायचंय म्हणे.
मला सूचना! मच्छीमार सोसायटीच्या डिझेल काउंटरवर अकरा वर्षं काढलीत मी. थळमध्ये इंधनातलं माझ्याइतकं कुणाला कळतं?

१ जून
मासेमारी बंदी सुरू. होड्या वर ओढल्या. होडी वर घेतली की डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत हवा राहत नाही, ओल धरत नाही. वडिलांपासून हेच बघतोय. तेच गाडीला केलं. हायवेच्या पंपावरून इथेनॉल फुल्ल, वर ताडपत्री. जहाजावर राहून चिरागला हे सुचू नये?
दर आठवड्याला चालू करणं रद्द. पावसाळ्यात होडी कोण चालू करतं?

१४ जुलै
चिरागचा मेसेज. गाडीचा आवाज ऐकायचाय, रेकॉर्ड करून पाठवा. ताडपत्री काढली, चावी फिरवली. गाडी शिंकली, दोनदा खोकली, बंद. हवेमुळे असेल. तूर्तास यूट्यूबवरचा आवाज पाठवला. ‘मस्त’ म्हणाला. यात खोटं काही नाही, मॉडेल तेच होतं.

१६ जुलै, सकाळी ६
अजून बंदच. शेजारच्या शिवदासकाकांना बोलावलं. होड्यांची इंजिनं तेच बघतात. टाकीत काय भरलंय ते ऐकून डोक्याला हात लावला. म्हणाले, “अरे निकेत, डिझेल पानी पीत न्हाय, तुजा ह्यो माल पानी पितो. त्यात आपली खारी हवा. दीड म्हयना तसाच ठेवलास, आता आत सगला राप बसला आसंल. चिरागला फोन करून सांग.”
फोन करायचा नाही, हा निर्णय. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान मेहुण्याचा. चिरागने तेव्हा हसत हसत पिळला होता. डावा कान अजून थंडीत ठणकतो. रागाने पिळला तर काय होईल?

२० जुलै
इंजेक्टर काढले. इंजिनात इंधनाची फवारणी करणाऱ्या बोटाएवढ्या पिचकाऱ्या, एकूण चार. टोकाला काळा चिकट थर, फणसाच्या चिकासारखा. रॉकेल लावलं, हलला नाही. साबण लावला, हलला नाही. माझ्या हातांची सालं मात्र निघाली.
सुचिता चहा घेऊन आली, पाच मिनिटं उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. कळतात मला असले टोमणे.

२६ जुलै
उत्तम कल्पना. सोनाराकडे दागिने धुवायचं अल्ट्रासोनिक मशीन असतं. अलिबागला गेलो. बायकोचे जुने दागिने आहेत म्हणून पुडी दिली. सोनाराने पुडी उघडली, वास घेतला, आणि मला दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आला. आत दोन गिऱ्हाइकं होती, दोन्ही थळची.

२९ जुलै
नवे इंजेक्टर ऑनलाइन शोधले. बाहेरून येतात, सहा आठवडे लागतात. चिराग दोन आठवड्यांत येतोय.
रात्री जेवण गेलं नाही. सुचिताला सांगितलं, उपास आहे. कसला ते तिने विचारलं नाही.

२ ऑगस्ट
होड्या समुद्रात गेल्या. मी पडवीत. सुचिताच्या शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई घेतली. पहिला इंजेक्टर साफ झाला, असं वाटलं. दुसऱ्यात सुई मोडली. टोक आतच. भिंगातून पाहिलं तर पहिल्याचं भोकही वाकडं झालंय.
मला भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. फाटक वाजलं की मी लपतो. काल पोस्टमन आला तर मी ताडपत्रीखाली होतो.

९ ऑगस्ट
योजना. चिराग आला की आधी जेवायला बसवायचं. सुरमई. भरल्या पोटी माणूस कान पिळत नाही. मग शांतपणे सांगायचं की कंपनीचाच फॉल्ट आहे. आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं. चारही वेळा नजर आरशातल्या डाव्या कानावर गेली.

१२ ऑगस्ट
चिराग सकाळच्या पहिल्या लाँचने आला. सुरमई बाजारातच होती. बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्याने ताडपत्री उचलली, बॉनेट उघडलं, फडक्यावर मांडलेले चार इंजेक्टर पाहिले. एक उचलून उजेडात धरला. सुईचं टोक चमकलं. मी दोन्ही हात कानांवर ठेवून उभा होतो.
त्याने मला हात लावला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. सुचिताला विचारलं, “ताई, तुला म्हाईत होतं ना सगलं? येक मेसेज तरी टाकायचास. मी तिकडून येताना नवीन घेऊन आलो असतो.”
सुचिता म्हणाली, “मना वाटलं, यांना जमंल.”
चिरागने इंजेक्टर फडक्यावर ठेवला. मग तीच पुढे म्हणाली, मासळी बाजारात सगळ्या बायकांना सांगून बसले मी, भावाची गाडी आमचे हेच दुरुस्त करतात म्हणून. त्या सोनाराच्या गोष्टीवरून हसत होत्या, तरी मी ऐकून घेतलं नाही.
एवढं बोलून ती आत गेली. चिराग साखरपुड्यासाठी भाड्याची गाडी बघायला गेला. जाताना म्हणाला, भावजी, होतं असं. माझे कान शाबूत आहेत.
दुपारचे अडीच वाजलेत. मी अजून पडवीतच आहे. चिरागची भीती गेली. आता घरात जायची वाटते.