लंगडं भूत

१२ ऑक्टोबर
ज्येष्ठमधाच्या काळ्या वड्या संपल्या. गावात मिळत नाहीत, मागवल्या की महिन्याने येतात. अख्ख्या गावात खाणारा मी एकटाच!

शेजारची आर्डिथ सकाळीच येऊन टोचून गेली. "नातीचं पहिलं हॅलोविन. मार्सीने ओसरीवर भोपळे मांडलेत. जा की!" ज्या मुलीने बापाच्या गाडीची किल्ली लपवली, तिच्या दारात मी पाय ठेवणार नाही. कुंपणाला एकदा धक्का लागला, तर एवढं आकांडतांडव! फेब्रुवारीपासून अबोला आहे. राहू दे.

१९ ऑक्टोबर
पोरीचं नाव ओपल ठेवलंय. माझ्या बायकोचं नाव! मे महिन्यात जन्मली आणि नाव मला आज कळतंय. आर्डिथ म्हणते, "तू विषय काढू देशील तर सांगणार ना!"

दिवसभर कशात मन लागलं नाही.

२४ ऑक्टोबर
हॅलोविनला ओसरीवर दिवा असेल त्या दारात कोणीही जावं. तोंड झाकून. नाव विचारत नाहीत.

२५ ऑक्टोबर
पलंगावरची चादर काढून डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली. आर्डिथ हसून हसून खाली बसली. "अरे हार्लन, भूत कधी लंगडतं का?" गुडघ्याला काय करू! म्हटलं, कुठे बोललीस तर याद राख. "माझ्या पोटात राहतं सगळं," म्हणाली. तिच्या पोटात आजवर काहीही राहिलेलं नाही.

३१ ऑक्टोबर
सहाचा भोंगा झाला तसा निघालो. चालत! गुडघ्याने जीव काढला.

मार्सीच्या दारात रांग — एक डायनासोर, दोन चेटकिणी आणि मी. पोरं ओरडली, "खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू!" मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मार्सीने पोरांना खाऊ वाटला, मग माझ्याही पिशवीत टाकला. तिच्या कडेवर ओपल, डोक्यावर भोपळ्याची टोपी. चादरीच्या भोकांकडे टक लावून बघत होती. हनुवटी आजीचीच!

मग मार्सी म्हणते, "जरा धरता का हिला? आतून आणखी खाऊ आणते." आणि दिली की! अनोळखी भुताच्या हातात पोर! काही अक्कल? चांगली खडसावणार होतो. पण ओपलने चादर मुठीत घट्ट धरली होती. रडली नाही. मीच रडलो. चादरीत कोणाला दिसतंय!

मार्सीला आत फार वेळ लागला.

१ नोव्हेंबर
सकाळी पिशवी ओतली. चॉकलेटं, गोळ्या आणि तळाशी काळ्या वड्यांचं अख्खं पुडकं.

आर्डिथ बोलली असेल म्हणावं, तर वड्या महिन्यापूर्वीच मागवलेल्या असणार; तिला तरी काय ठाऊक होतं? तेव्हा चादर पलंगावरच होती, बिनभोकांची.

निघतो मार्सीकडे. तोंड न झाकता.