दीने म्हणजे दुपारचं जेवण

प्रिय अ‍ॅशले,

फोनवर तू 'आय अ‍ॅम फाइन, पपा' म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच खुंटतं. म्हणून मराठीत लिहून फोटो पाठवतोय. सावकाश वाच.

ममीने कालपासून तुझ्या रिकाम्या खोलीतला एसी लावून ठेवलाय. तू क्वेबेकला काम करतेस त्या वृद्धाश्रमातले ते आजोबा इस्पितळात गेल्यापासून आम्ही कामापुरतंच बोलतो. नर्सने मधुमेहाची गोळी 'दीने'आधी द्यायला सांगितली, तू ती रात्रीसाठी ठेवलीस आणि संध्याकाळी साखर वाढून ते कोसळले. ते शुद्धीवर आले हे कळलं, तरी माझी झोप परतलेली नाही. इथे आखातातल्या शाळेत फ्रेंच शिकताना तू दीने म्हणजे रात्रीचं जेवण असंच शिकलीस ना?

परवा देरातल्या आमच्या हॉटेलात क्वेबेकच्याच एक बाई उतरल्या, मादाम त्रांब्ले. सकाळी काउंटरवर त्यांनी 'देजने' कुठे मिळेल विचारलं. मला जुजबी फ्रेंच येतं. मी म्हटलं, ते दुपारी. बिचाऱ्या उपाशीच परत निघाल्या. मग घोळ कळल्यावर हसून म्हणाल्या, "आमच्याकडे देजने सकाळी, दीने दुपारी, रात्री सुपे. पॅरिसवाले हसतात आम्हाला." मी पुन्हा विचारलं, दीने दुपारी, नक्की? माझा चेहरा पाहून त्यांचं हसू थांबलं. मी सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मुलीने हे तिथे सांगितलंय का?"

तू सांगितलं नसणार. मी वसईहून मुंबईच्या कॉलेजात गेलो, तेव्हा पोरं आपल्या कादोडी बोलीला हसायची. मी वर्गात तोंड उघडणंच सोडलं होतं. तू माझ्यावर गेली आहेस, याचीच धास्ती वाटते.

वृद्धाश्रमातली चौकशी सोमवारी आहे आणि ममीने काढलेलं तुझं घरी यायचं तिकीट रविवारचं. त्या विमानात बसू नकोस. चूक झाली म्हण, आणि तो शब्द तू कोणत्या अर्थाने घेतलास तेही सांग. नोकरी कदाचित तरीही जाईल. खोटा धीर देत नाही. आजोबांना भेट, जमेल त्या फ्रेंचमध्ये बोल. मग खुशाल ये. ममीला हे अजून सांगायचंय. तिला तू रविवारीच हवी आहेस. मलाही. फोन केला असता तर 'ये' म्हणून गेलो असतो, म्हणून लिहिलं.

तुझाच,
पपा