सत्तेचाळीस नंबरचं मागचं दार

ब्रॅकन मीड, हार्लो
२ ऑक्टोबर १९७८

ती. क्वीनीआत्यास,

नमस्कार. तू बरी आहेस असं धरून चालते. शनिवारी जे झालं ते दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी क्रमाने लिहिते.

१. बाबा वर्तमानपत्र आणायला दुकानांच्या चौकात गेले.
२. येताना आपल्या एक्केचाळीस नंबरऐवजी सत्तेचाळीस नंबरात मागच्या दाराने शिरले. दार नुसतं लोटलेलं होतं.
३. त्यांनी कोट काढला, किटली भरली, गॅसवर ठेवली.
४. तिथे राहणारी पॉलीन गॅरेट तान्ह्या मुलीला घेऊन जिन्यावरून खाली आली. बाबांनी तिला विचारलं की दूध कुठे ठेवलंयस.
५. दोघांनी चहा घेतला.
६. ती त्यांना घरी सोडायला आली. हे पहिल्यांदा झालेलं नाही, असं तिने मला दारातच सांगितलं.

आमच्या ओळीतली घरं सारखीच आहेत, सगळी कौन्सिलच्या मालकीची, आणि नंबर फक्त विषम. पुढचं दार हिरवळीकडे, मागचं गॅरेजकडे, आणि पुढचं दार लग्नाला किंवा प्रेताला उघडतात. यंदा कौन्सिलने सगळी मागची दारं एकाच हिरव्या रंगाने रंगवली, आईने लावलेला पिवळाही त्यात गेला. तरी चोवीस वर्षं राहिलेला माणूस तीन दारं चुकत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. पुन्हा झालं तर त्यांना एकटं ठेवता येणार नाही, असंही ते म्हणाले.

हे तुला लिहिण्याचं कारण असं. ॲबरडीनच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली आहे. समुद्रातून येणाऱ्या तेलाच्या वाहिन्या आखायच्या. इथे मी सांडपाण्याच्या आखते. त्यांना २० तारखेला हो किंवा नाही सांगायचं आहे. बाबांना अजून बोललेले नाही.

तुझा सल्ला हवा आहे. लोभ असेलच, मोकळेपणाने लिही.

तुझी भाची,
लॉर्ना

पॉप्लर, लंडन
५ ऑक्टोबर

चि. लॉर्ना हिला आत्याचा आशीर्वाद आणि एक टपली.

तुझं पत्र वाचताना मला वाटलं पोलिसांचं आलंय. बापाने शेजारणीकडे चहा प्यायला, त्याची सहा कलमं! अगं, आमच्या गल्लीत कुणाच्या घरात कुणाची किटली आहे हे कुणाला ठाऊक नसायचं. तुझा बाप लहानपणी हॅगर्टीबाईंच्या स्वयंपाकघरात रोज जेवायचा आणि मग घरी येऊन पुन्हा जेवायचा. तेव्हा कुठला डॉक्टर बोलावला नव्हता. आई फक्त म्हणायची, त्या बाईच्या हातचं तुला गोड लागतं तर झोपायलाही तिथेच जा.

तुझ्या बापाचं, लेनचं, डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते तुमचं गाव. माणसांना पेटीत चमचे ठेवावेत तसं ठेवलंय आणि वर सगळ्या दारांना एकच रंग! मी त्याला चोपन्न सालीच सांगितलं होतं, नको जाऊस त्या नव्याने वसवलेल्या गावात. तर म्हणे तुझ्या आईला, बेरिलला, बाग हवी. तेव्हा मी शपथ घेतली की त्या बागेत पाय ठेवणार नाही, आणि ठेवला नाही. बेरिल गेली तेव्हा तिला पोचवायलासुद्धा नाही, याचं तू मनात धरून आहेस हे मला माहीत आहे.

त्याला माझ्याकडे पाठवून दे. इथे माणसं आहेत. तू जा तुझ्या तेलाकडे, पण गरम बनियन घेऊन जा.

पत्र उशिरा टाकतेय, लिफ्ट दोन दिवस बंद होती आणि गुडघे ऐकत नाहीत.

राग धरलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी क्वीनीआत्या

ब्रॅकन मीड, हार्लो
९ ऑक्टोबर

ती. क्वीनीआत्यास,

नमस्कार. तुझी टपली पोचली. राग नाही.

तुझ्या पत्रानंतर मी स्वतः सत्तेचाळीस नंबरात जाऊन आले. कारण सापडलं असं वाटतं. वसंतात कौन्सिलने ओळीतली सगळी स्वयंपाकघरं नवी केली. पॉलीनच्या मुलीला तेव्हा डांग्या खोकला होता, म्हणून तिने कामगारांना दारातूनच परत पाठवलं. त्यामुळे ओळीत तेवढं एकच जुनं उरलं आहे. सिंक खिडकीखाली, किटली डावीकडे, भांडी पुसायचं फडकं दाराच्या आतल्या खिळ्याला. आईचं होतं तसंच. आमचं सिंक आता मधल्या भिंतीला आहे. वाहिनी आखूड होते, मीही तसंच आखलं असतं. पण बाबा आमच्या स्वयंपाकघरात अजून किटलीसाठी डावीकडे हात पुढे करतात आणि तिथे कपाट असतं.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वा, शाळेचे पैसे वाया नाही गेले. मग म्हणाले की मी काय सिंक बघायला जातो का गं? ती पोरगी न विचारता चहात साखर घालते आणि बडबडत बसते. तू विचारतेस एक चमचा की दीड, आणि मग वर्तमानपत्र वाचतेस.

मी कोट घालून बाहेर पडले. इथले रस्ते मुद्दाम वळवलेले आहेत, गाड्यांनी वेग घेऊ नये म्हणून. सरळ निघालं तरी माणूस फिरून दुकानांच्या चौकातच येतो. हल्ली मी रोज निघते आणि रोज तिथेच पोचते. दुकानदारीण काल म्हणाली की काय गं, बापलेकीपैकी हरवलंय नक्की कोण?

एक विचारते. तुमच्या गल्लीतली घरं दुमजली होती असं बाबा सांगतात. मग लिफ्ट कुठली?

लोभ ठेव, आणि याचं खरं उत्तर दे.

लॉर्ना

पॉप्लर
१२ ऑक्टोबर

चि. लॉर्ना,

आशीर्वाद. टपली मागे घेतली.

तुझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, बाई. गल्ली पाडली, त्याला सहा वर्षं झाली. मी नवव्या मजल्यावर आहे. लेनला सांगायचं नव्हतं, त्याला हसायला आयतं मिळालं असतं. जुन्या पत्त्यावरचं टपाल पोस्टातल्या ओळखीने पोचत होतं.

इथे मजल्यावर चार दारं. समोरच्या बाईला मी मासे तळले तेव्हा बशी नेऊन दिली. तिने दाराची साखळी न काढता फटीतून विचारलं की कशाबद्दल? बशी आडवी होती, फटीतून जाईना. परत घेऊन आले आणि दोघींचे मीच खाल्ले. तेव्हा लेनला इथे आणून मी काय करू? दोघं मिळून लिफ्टची वाट बघू.

तुझी ती पॉलीन कुठली गं? साखर न विचारता घालते म्हणजे आमच्याच बाजूची असणार.

लोभ कमी झाला असेल तर समजेन.

क्वीनी

ब्रॅकन मीड, हार्लो
१६ ऑक्टोबर

ती. क्वीनीआत्यास,

नमस्कार. लोभ होता तेवढाच आहे. मी मोजून सांगते म्हणून विश्वास ठेव.

पॉलीनची आई कॅनिंग टाउनची, तुमच्या पॉप्लरच्या शेजारची. म्हणजे तुझं बरोबर निघालं.

बाबांना ॲबरडीनबद्दल सांगितलं. ते म्हणाले, जा की, मी काय तुला खिळ्याला अडकवून ठेवलंय? मग ते बागेत जाऊन एकाच झुडपाची पानं बराच वेळ खुडत राहिले.

आता दोन गोष्टी. पॉलीन सांगते की ते तिच्याकडे आले की आधी पायपुसण्यावर बूट घासतात. आमच्या घरी त्यांनी कधी घासले नाहीत, आई त्यावरून जन्मभर ओरडली. म्हणजे आपण पाहुणे आहोत हे त्यांना कळतं. दुसरी गोष्ट पॉलीनने जरा थांबून सांगितली. गेल्या आठवड्यात त्यांनी तिला बेरिल अशी हाक मारली, आणि चूक लक्षात आल्यासारखं काही केलं नाही. दोन्ही खरं आहे. दोन्हींतून एक निष्कर्ष निघत नाही. मी बरोबर असले की ते तिकडे जात नाहीत, त्यामुळे मला ते कधी दिसणार नाही.

सोमवारी, २३ तारखेला, कामगार सत्तेचाळीस नंबरात येणार आहेत. या वेळी पॉलीन त्यांना परत पाठवू शकत नाही. काम होईपर्यंत ती मुलीला घेऊन आईकडे राहील आणि मागच्या दाराला कुलूप असेल. बाबांना तिने हे सांगितलं आहे, मीही सांगितलं आहे. ते म्हणाले, बरं. पण त्या दिवशी ते हिरवं दार ढकलतील आणि उघडणार नाही, तेव्हा ते तीन दारं मागे येऊन आपल्या घरात शिरतील की तिथेच उभे राहतील, हे मला माहीत नाही. दिवसा ओळीत कुणी नसतं. मी कामावर असेन. मला वाहिनीत पाणी कुठे तुंबेल ते आखून दाखवता येतं, हे येत नाही.

आईला पोचवायला तू आली नाहीस याचा मला राग होता. अजूनही थोडा आहे. शपथेचं कारण मात्र उरलेलं नाही. ती तू गल्लीच्या जोरावर घेतली होतीस. गल्ली पाडली, आणि इथली बाग आईची होती.

म्हणून विचारते. सोमवारच्या आधी तू इथे येशील का? आठवडाभर, किंवा पटलं तर पुढेही. आमच्याकडे लिफ्ट नाही, तुझी खोली खालीच करते. मासे तळलेस तर ते खायला माणूस घरात आहे. चहाची साखर तू न विचारता घालतेस, हे बाबांनी सांगितलं. तू येणार असशील तर मी ॲबरडीनला हो कळवेन. नसशील तर नाही कळवेन आणि त्यावर पुन्हा बोलणार नाही. हा दबाव आहे हे मला कळतं. दुसऱ्या प्रकारे लिहून पाहिलं, जमलं नाही.

आलीस तर पुढचं दार वाजवू नकोस, बाबा दचकतील. मागून ये. ओळखायला म्हणून मी काल आपल्या दाराची चौकट पिवळी रंगवली आहे. कौन्सिलचं पत्र येईल तेव्हा बघू.

उत्तर गुरुवारी, १९ तारखेला, इथे पोचेल असं पाठव.

तुझी,
लॉर्ना