पुलावरची गोष्ट

बसवनगुडी, गुरुवार, दिवेलागणीनंतर

वरच्या मजल्यावरच्या सरोजाक्कांच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. ओठाला बर्फ लावलाय.

व्हेनिसहून येऊन चार दिवस झाले. आज अक्का आमच्याकडे फोटो बघायला आल्या. ह्यांनी रंगवून सांगितलं, "हिने देवाचं निर्माल्य तिथल्या कालव्यात सोडलं. पोलीस धावत आला, अक्का." अक्का हसल्या.

चूक माझीच. बरोबर नेलेल्या बाळकृष्णाला रोज एकच फूल वाहायचे, तिकडे फुलं महाग. ती हॉटेलच्या केरात कशी टाकणार? पुलावरून पाणी दिसलं, हात जोडून सोडली.

"मग अण्णांनी काय केलं?" अक्कांनी मला विचारलं. ह्यांना त्या अण्णा म्हणतात.

"काय करणार, सॉरी म्हटलं," हे म्हणाले.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला मारलं. पुलावर, सगळ्यांदेखत."

बावीस वर्षांत कोणापुढे बोलले नव्हते. आज का बोलले? त्या पुलावर कानाखाली बसली तेव्हा लोक फोटो काढायचे थांबले होते. तेच डोळ्यांपुढे आलं.

अक्का उठून गेल्या. ह्यांनी कडी लावली, केस धरून माझं तोंड दारावर आपटलं. दोनदा. तिसऱ्यांदा आपटणार तोच बाहेरून दार वाजलं. अक्का जिन्यातच थांबल्या होत्या.

"स्वल्प पडली ती, जराशी," दार उघडून हे अक्कांच्या कानडीत मिसळून म्हणाले.

"सरी, बरं," अक्कांनी माझं मनगट धरलं. "पडलेलं माणूस माझ्याकडे राहील. न्यायला या तुम्ही, माझी दोन्ही मुलं घरीच आहेत."

खालून हे हाका मारतायत. आधी शिव्या होत्या, आता नुसतं नाव. मी ओ दिलेली नाही.